मुशीचं तेल आणि मॅबेलबायचं नाक

उत्तनच्या मॅबेलबायला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नाकाने ती सगळं वाचायची. बोंबील कधीचा, तूप कुठलं, समोर उभा असलेला माणूस सकाळी ताडी पिऊन आलाय की नुसताच ताडी पिणाऱ्याच्या शेजारी बसून आलाय, हे ती बसल्या जागेवरून सांगायची. हुंगताना तिचा डावा डोळा बारीक व्हायचा आणि नाकातून दोन छोटे आवाज यायचे: सूं, सूं. दोनावर थांबली तर माल खरा. तिसरा सूं आला की समोरच्याने आपली पाटी उचलून चालू लागावं. वाद घालण्यात अर्थ नसायचा.

धंदा तिचा तेलाचा. मुशी म्हणजे तो मोठा दातवाला मासा. त्याची काळजं घरामागे भल्या मोठ्या कढईत कढवायची, वर आलेलं पिवळं तेल गाळून डब्यात भरायचं आणि होडीवाल्यांना विकायचं. होडीच्या लाकडाला हे तेल पाजलं की खारं पाणी त्याला खात नाही. डोंगरीपासून गोराईपर्यंत कुठल्याही तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला विचारा, बायच्या तेलात भेसळ नाही हे तो शपथेवर सांगायचा. नवरा वारल्यापासून वीस वर्षं तिने ही कढई एकटीने चालवली होती, आणि त्या वीस वर्षांत तिचा एक डबा कोणी परत केला नव्हता.

मग १९३७ साली आमच्या नवघरात मोटार आली, आणि त्या मोटारीने तिचं नाव एका दुपारीत बुडवलं.

मोटार शिवदासशेठची. शेठ मिठागरांचे आणि भातशेतीचे मालक, अंगाने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते "समजलास का" विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढचं वाक्य सुरू करायचे. गडीमाणसांना विचारायचे, बायकोला विचारायचे, देवालाही सोडत नसत. गणपतीपुढे हात जोडून "औंदा पाऊस मिठाकडं बघून पाड, समजलास का," असं म्हणताना त्यांना अख्ख्या नवघराने ऐकलंय. मुंबईच्या एका पारशाकडून त्यांनी ही काळीभोर मोटार घेतली ती लग्नाकार्याला भाड्याने द्यायला. चालवायला त्यांचा भाचा रघू. रघू दोन वर्षं मुंबईत क्लीनर होता. तिथून तो गाडी हाकायला आणि तीन इंग्रजी शब्द शिकून आला: ऑल राइट, राँग आणि जंटलमन. एवढ्यावर त्याचं सगळं भागायचं. भात करपला, राँग. बैल बाजूला झाला, ऑल राइट. बैलाने आपणहून वाट दिली, जंटलमन.

मोटारीला आमची हवा मानवली नाही. आमची हवा म्हणजे अर्धं मीठच. चारी बाजूंना मिठागरं, वारा सुटला की ओठ चाटले तरी कालवणात घालण्याइतकं मीठ मिळावं. पहिल्या महिन्यात मोटारीचा रंग आंधळा झाला. दुसऱ्या महिन्यात दिव्यांच्या चकचकीत कड्यांवर पुरळ उठलं. रघू रोज सकाळी कोरडं फडकं घेऊन गाडी घासायचा, आणि जितकी घासायचा तितके बारीक ओरखडे वाढायचे. लग्नवाले यायचे, मोटारीभोवती फिरायचे, आणि यापेक्षा छकडा बरा म्हणून निघून जायचे.

शेठनी मुंबईहून एक पॉलिशवाला आणला. तो स्वतःला मास्तर म्हणवायचा, बोलायचा अर्धवट डोळे मिटून, जणू प्रत्येक शब्द बोटीतून उतरून आताच गोदीत लागलाय. आपली विलायती पद्धत कोणी बघायची नाही असं बजावून त्याने मोटारीभोवती चादरीचा आडोसा केला. तासाभराने चादर काढली तर मोटार आरसा. शेठनी त्याला जेवायला घातलं. मास्तर दुपारी गेला, चमक संध्याकाळी गेली. पठ्ठ्याने नुसता रॉकेलचा बोळा फिरवला होता. रघूने आठवड्याने कबूल केलं की वास त्याला तेव्हाच आला होता, पण मास्तरच्या अंगात कोट होता, त्यामुळे तो जंटलमन वाटला.

अशात मॅबेलबाय शेठच्या मिठाच्या मचव्यांसाठी तेल घेऊन नवघरात आली. मोटारीभोवती एक फेरी मारून तिने निदान केलं, की मिठाने होडी खाल्ली काय आणि मोटार खाल्ली काय, औषध एकच. शेठना लगेच पटलं. त्यांचे सगळे मचवे तिच्याच तेलावर तरत होते. त्या दिवशी बायने अख्ख्या मोटारीला मुशीचं तेल पाजलं. बॉनेट, दारं, मडगार्ड, दिव्यांच्या कड्या, काही सोडलं नाही. आणि खोटं कशाला सांगायचं, मोटार अशी लखलखली की शेठनी तिच्या दारात बघून मिशी सारखी केली.

चूक झाली ती इथे, आणि ती फक्त उत्तनचं माणूसच करू शकतं. बायच्या नाकाला जगातला प्रत्येक वास खटकायचा, एक सोडून. मासळी ताजी की शिळी हे तिला कळायचं, पण मासळीचा वास तिला वास वाटतच नव्हता. तिच्या लेखी ती हवा होती.

दोन दिवसांनी उत्तनच्याच कॉनीचं लग्न होतं. चर्चमधून नवरानवरी मोटारीत बसली, पुढे बँडवाले, मागे वऱ्हाड, आणि मिरवणूक कोळीवाड्यातून निघाली पाऊलपाऊल. मोटार हळू चालली की इंजिन तापतं. इंजिन तापलं की बॉनेट तापतं. आणि बॉनेटवर होतं मुशीचं तेल. आधी सुकतीच्या, म्हणजे मासळी वाळवायच्या काठ्यांखाली झोपलेलं एक मांजर उठलं. त्याने अंग ताणलं आणि सरळ येऊन वऱ्हाडात सामील झालं. मग कौलांवरून दोन उतरली. कोपऱ्यावर सहा झाली. चर्चच्या वळणापासून विहिरीपर्यंत अकरा मांजरं मोटारीमागे शेपट्या उभ्या करून अशी शिस्तीत चालली होती, की पाहुण्यांना वाटलं हाही बँडच्याच कराराचा भाग. रघू भोंगा वाजवत होता, पॉंप पॉंप. मांजरं हटेनात. एक काळा बोका उडी मारून ऊनऊन बॉनेटवर बसला आणि पुढचा पाय चाटू लागला. दुसरं मांजर खिडकीतून आत शिरलं ते थेट कॉनीच्या पांढऱ्या जाळीदार ओढणीत. कॉनीची किंकाळी बँडच्या वरच्या पट्टीत लागली. रघू एकच शब्द म्हणत होता, राँग, राँग, राँग, ते घर येईपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून शेठच्या गाडीचं नाव 'मांजराची मोटार', आणि बायचं नाव 'मांजरबाय'. पोरं तिला बघून म्यांव करायची. ते तिने हसण्यावारी नेलं. पण मग तांडेलांच्या बैठकीत कुजबुज सुरू झाली. इतकी वर्षं होड्यांना तेल लावलं तेव्हा कुठे मांजरं लागली, म्हणजे हल्ली बाय तेलात काहीतरी घालते. आता होड्यांपाशी मांजरं नेहमीच असतात, म्हणून तर ती कोणाला दिसत नाहीत. पण हे सुचायला डोकं लागतं आणि कुजबुजायला फक्त तोंड. गुरुवारी सेबॅस्टियन तांडेलाने तेलाचा डबा परत आणला. ओट्यावर ठेवला आणि गेला. वीस वर्षांतला पहिला डबा. बायने त्या दिवशी कढईखाली जाळ घातला नाही.

रविवारी प्रार्थना संपल्यावर फादर अल्फान्सोंनी जाहीर केलं, की तीन आठवड्यांनी बिशपसाहेब पोरांच्या दृढीकरणासाठी, म्हणजे पोरांना धर्मात पक्कं करायच्या विधीसाठी, उत्तनला येणार आहेत. फादर साधी गोष्टसुद्धा लॅटिन असल्यासारखी म्हणायचे, शेवटचा शब्द लांबवून आणि वर नेऊन. मागल्या वेळी भाईंदर स्टेशनहून बिशपसाहेबांना छकड्यातून आणलं होतं आणि उतरल्यावर त्यांना सरळ उभं राहायला अर्धा तास लागला, ही आठवण त्यांनी इतकी लांबवली की लोकांच्या पाठी दुखायला लागल्या. तेव्हा वाहनाची काहीतरी सोय हवी, असं ते म्हणाले. मागून कोणीतरी बारीक आवाजात म्यांव केलं आणि सगळं आवार हसलं.

मॅबेलबाय गर्दीतून पुढे आली. सेबॅस्टियन तांडेलासमोर उभी राहिली.

"चूक माजी हाय, तेलाची न्हाय," ती म्हणाली. "शेठची मोटार मीच उजळीन आणि बिशपसायेब तिच्यातनंच येतील. त्या दिवशी एक जरी मांजर मोटारीवर चढला, तर माजी कढई मी या आवारात सगल्यांसमोर पालथी घालीन. मंग मुशी तुमची तुम्ही कढवा."

कढई पालथी घालणं म्हणजे धंदा बंद. हसू थांबलं. फादरांनी एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा छकड्याकडे पाहिलं, आणि मान डोलावली. शेठना विचारलं तर ते म्हणाले, गाडी तशीही मांजरांनीच नेलीय, आता बायने नेली तर काय बिघडलं, समजलास का.

पहिले दोन दिवस तिने फक्त धुतलं. विहिरीचं गोडं पाणी, त्यात रिठ्याचा फेस, आणि एक नियम: आधी पाणी, मग हात. मीठ कोरडं पुसायचं नाही, कोरडं मीठ म्हणजे वाळू. ते पाण्याने वाहू द्यायचं, मगच बोट लावायचं. रघूचा हात सवयीने कोरड्या फडक्याकडे जायचा, आणि ती हातावर चापट मारायची. तेल निघालं. खाली ओरखड्यांनी भरलेला आंधळा रंग तसाच उरला.

मग तिने रघूला समोर बसवून विचारलं, की मुंबईत बड्या लोकांच्या मोटारी कशा चमकवायचे. रघूला नावं आठवत होती. पुसायला 'शामी' नावाचं मऊ पिवळं कातडं लागतं, ते पाणी पितं आणि ओरखडा पाडत नाही. वर चढवायला मेणाचं पॉलिश. मेण पातळ करायला टर्पेंटाइन. कड्यांना बारीक पांढरी भुकटी. माल चांगला कोणता आणि वाईट कोणता, हे मात्र त्याला विचारायची सोय नव्हती. त्याच्या मते ज्या डब्यावर इंग्रजी जास्त तो डबा चांगला.

भुकटीची गोष्ट बायला घरचीच निघाली. चर्चच्या चांदीच्या मेणबत्तीदानांना ती वर्षानुवर्षं वस्त्रगाळ खडू लावत आली होती. राख नाही, राख खरवडते. बाकीच्यासाठी दोघं मुंबईला गेले.

पहिल्या दुकानात रघूने सिंहाचं चित्र असलेला मेणाचा डबा उचलला आणि त्यावरचं इंग्रजी एकेक अक्षर चघळत वाचलं. दुकानदार गुजराती-हिंदीत म्हणाला, की असली विलायती माल छे, गव्हर्नरसाहेबांची गाडी यानेच चमकते. बायने झाकण उघडलं. सूं, सूं, सूं. हे मेणबत्तीचं मेण, ती म्हणाली, आणि तेही चर्चमधल्या मेणबत्तीचं न्हाय, वाण्याकडल्या. टर्पेंटाइनचा एक थेंब तिने कागदावर टाकायला लावला. खरं टर्पेंटाइन उडून जातं आणि कागद कोरा उरतो. या थेंबाने कागदावर तेलकट चंद्र काढला. दुकानदार म्हणाला, कागद खराब छे.

दुसऱ्या दुकानात शामी म्हणून बकरा निघाला. तिसऱ्यात नुसती तुरटीत कमावलेली मेंढी. चौथ्यातलं कातडं इतकं सुरेख पिवळं होतं की रघूने परवानगी न घेता त्याला गाल लावला. बायने हुंगलं आणि तिसऱ्या सूंच्या आधीच हसायला लागली. तिने अंगठा थुंकीने ओला केला, कातड्यावर घासला आणि तो पिवळा अंगठा दुकानदारापुढे धरला. हळद. कातडं हळदीत बुडवून शामी केलं होतं. रघूच्या गालावरही लग्नाआधीच हळद लागली होती, आणि परतेपर्यंत ती त्याला कोणी सांगितली नाही.

पाचवं दुकान अरुंद गल्लीत, एका म्हाताऱ्या बोहऱ्याचं. चश्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलायच्या आधी तो वर ढकलायचा आणि बोलता बोलता तो परत खाली यायचा. बाय उंबरठ्यावरच थांबली. अजून काही दाखवलेलंही नव्हतं. सूं. सूं. घरची हवा परक्या गल्लीत आली की ती तिलाही कळायची. ती सरळ एका बंद खणाकडे गेली आणि म्हणाली की यात मासळीचं तेल हाय.

"बाय, राँग," रघू कळवळला. "पुन्ना मासा नको."

म्हाताऱ्याने चश्मा वर केला. "बहन, चमडे का काम करती हो?"

"मच्छी का काम करतंय."

म्हातारा इतका हसला की चश्मा घसरून गल्ल्यावर पडला. मग त्याने खण उघडला आणि आतून एक मऊ, फिकं कातडं काढलं. "तो तुमको कोई ठग नहीं सकता," तो म्हणाला. "असली शामी मच्छी के तेल में ही पकता है. बंबई में सब आँख से देखते हैं. नाक से देखनेवाली पहली आई."

बायने कातडं हातात घेतलं. ओलं करून ताणलं, पिळलं, गालाला लावलं. मुशी न्हाय, ती म्हणाली, कुठल्यातरी थंड पाण्यातला मासा हाय. पण तेल हाय. ज्या तेलाने तिचं नाक कापलं होतं, तेच तेल त्या खणात सन्मानाने बसलं होतं. परत येताना ती सगळी वाट गालातल्या गालात हसत होती आणि रघू सगळी वाट कातड्याच्या पुडक्यापासून दूर बसला होता.

मेण मात्र मुंबईत मिळालंच नाही. ते घोडबंदरच्या डोंगरातल्या वारल्यांकडून आलं, मोहोळाचं, मध काढल्यावर उरलेलं. चावलं तर दाताला चिकटत नाही, विरघळतही नाही, आणि वास जांभळाच्या फुलांचा. दोन सूं, तेही लांब. बायने ते चुलीवर पातळ केलं, चूल विझवली, भांडं लांब वाळूत नेलं आणि मगच त्यात बोहऱ्याचं टर्पेंटाइन ओतलं. थंड झाल्यावर लोण्यासारखं झालं. चढवायला फडकं हवं होतं ते शेठच्या बायकोने, द्वारकावहिनींनी दिलं: सात वर्षं धुतलेलं सुती लुगडं, हवेपेक्षा मऊ. देताना वहिनी म्हणाल्या की या घरात माझ्या लुगड्याला मान मिळाला, मला मिळाला नाही. शेठनी पहिल्यांदाच समजलास का म्हटलं नाही.

प्रश्न उरला शामीचा. मासळीच्या तेलात पिकलेलं ते कातडं मोटारीवर फिरवायचं, आणि मांजर चढलं तर कढई पालथी. बायने ते कोमट पाण्यात धुतलं आणि नाकाशी धरलं. इथे चहूकडे तीच मासळीची हवा. काही कळेना. पुन्हा धुतलं. काही कळेना. साऱ्या मुंबईला उघडं पाडणारं नाक या एकाच ठिकाणी आंधळं होतं, आणि हे आता तिला पक्कं माहीत होतं. रघूचं नाक चालणार नव्हतं, द्वारकावहिनींचंही नाही. नवघरपासून उत्तनपर्यंत सगळी नाकं मासे खाणाऱ्यांची.

तेव्हा तिने नाक उसनं घेतलं. भाईंदर स्टेशनाजवळच्या जैन वाण्याची आई, रतनबा, दुकानाच्या ओट्यावर माळ घेऊन बसायची. कांदा-लसूणसुद्धा न खाणारी म्हातारी. बाय ओलं कातडं घेऊन दहा पावलांवर आली, तेवढ्यात रतनबाने पदर नाकाला लावला. बाय मागे फिरली. तीनदा धुवून आणलं, पाच पावलांवर पदर. पुन्हा तीनदा धुतलं, दोन पावलांवर पदर, आणि वर रतनबाने माळ थांबवून या बाईला दुसरं काम नाही का, असं मुलाला विचारलं. चौथ्या दिवशी बायने कातडं तिच्या मांडीशेजारी ओट्यावर ठेवलं. रतनबाने ते बोटांनी चाचपलं. पदर जागच्या जागी राहिला.

"आ शूं छे?" म्हातारीने विचारलं. हे काय आहे, एवढंच.

बरोबर आलेल्या रघूने एक बोट वर केलं. "एकच शूं," तो म्हणाला. "ऑल राइट."

पुढचे आठ दिवस मोटार ताडपत्रीच्या छपराखाली होती आणि मांजर शिरू नये म्हणून रघू फाटकावर पहारा देत होता. चादरीचा आडोसा मात्र बायने लावू दिला नाही. ज्याला बघायचं त्याने जवळ येऊन बघावं, विचारायचं ते विचारावं. आधी पाणी, मग हात. मग शामी, वरून खाली, एका दिशेने. मग मेण, इतकं पातळ की लावलं की नाही असा संशय यावा. ते धुरकट झालं की लुगडं. पहिल्या थराने ओरखडे झाकले. तिसऱ्या थराला शेठना त्यात आपली मिशी दिसली. पाचव्या थराला मिशीतला पांढरा केस दिसला, आणि शेठ तिथून उठून गेले.

बिशपसाहेबांचा दिवस उजाडला. मोटार भाईंदर स्टेशनावरून निघाली, वाटेतलं मुर्धे झालं, राई झालं, मोर्वे झालं. लोक रस्त्याच्या कडेला मोटार बघायला उभे, आणि मोटारीपेक्षा जास्त तिच्या मागे बघायला. मागे काही नव्हतं. कोळीवाडा आला. रघूने मुद्दाम चाल कमी केली, इंजिन तापलं, बॉनेट तापलं. सुकतीखाली तो काळा बोका झोपला होता. त्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

चर्चच्या आवारात अख्खं गाव. टवाळ पोरांनी मॅबेलबायची कढई बांबूला बांधून आणली होती आणि फाटकाशी ठेवली होती, पालथी घालायला दूर जायला नको म्हणून. कढईशेजारी बाय, स्वच्छ लुगडं नेसून, हात घडी घालून. पलीकडे सेबॅस्टियन तांडेल. मोटार थांबली, रघूने दार उघडलं, बिशपसाहेब उतरले. उतरले ते सरळ उभे राहिले, आणि फादर अल्फान्सोंचा चेहरा उजळला.

तेवढ्यात फादरांचंच मांजर आलं. पेद्रू नावाचा पिवळा बोका, भाकरीसारखा फुगलेला, चर्चच्या मागच्या दारी येणाऱ्या प्रत्येक मासळीत ज्याचा वाटा. तो कोणाची पर्वा न करता आवार ओलांडून मोटारीकडे गेला. बँड थांबला. फादरांनी हळू आवाजात पेद्रूला हाक मारली, शेवटचं अक्षर लांबवून. पेद्रूने ती ऐकली नाही. मोटारीच्या दारापाशी येऊन त्याने नाक पुढे केलं.

सूं.

सूं.

आवारात एवढी शांतता की ते दोन्ही आवाज फाटकापर्यंत आले. बायच्या घडी घातलेल्या हातांची बोटं कोपरात रुतली होती. पेद्रूने मान वर केली, तिसऱ्यांदा हुंगायला की उडी मारायला ते त्याचं त्याला माहीत. कारण मान वर केली तेव्हा दारात त्याला दुसरा बोका दिसला. पिवळा, भाकरीसारखा फुगलेला, नाकाला नाक लावून उभा. पेद्रूची पाठ कमान झाली. त्याची पण झाली. पेद्रूने फिस्स केलं. त्याने पण केलं. पुढचं कोणाला नीट दिसलं नाही. एक पिवळा पट्टा बिशपसाहेबांच्या झग्याखालून गेला आणि चर्चच्या आतल्या खोलीत दिसेनासा झाला, आणि बिशपसाहेबांनी दचकून बाजूला बघितलं तर मोटारीच्या दारात त्यांना बिशपसाहेब दिसले. त्यांनी डोक्यावरची टोपी किंचित सरळ केली.

रघूने पेद्रूच्या दिशेने हात कपाळाला लावला. "जंटलमन," तो म्हणाला.

मग जे हसू फुटलं ते तीन आठवड्यांचं साठलेलं होतं. बँडवाल्यांना काय वाजवायचं ते सुचेना म्हणून त्यांनी लग्नातलंच वाजवलं. गर्दीतून सेबॅस्टियन तांडेल आला. बायसमोर थांबला. त्याने डोक्यावरचा रुमाल गुंडाळून चुंबळ केली, ती भलीमोठी कढई एकट्याने उचलली, डोक्यावर घेतली, सुलटी, आणि चर्चपासून बायच्या घरापर्यंत सगळ्या कोळीवाड्यातून वाजतगाजत नेऊन चुलीवर ठेवली. संध्याकाळी त्या कढईखाली जाळ होता आणि दारात तेलाला आलेल्यांची रांग.

त्या वर्षी शेठची मोटार एकाही लग्नाला रिकामी राहिली नाही. कॉनीच्या धाकट्या बहिणीनेही तीच मागितली. घोडबंदरच्या रस्त्याने येणारे मोटारवाले वाट वाकडी करून बायला विचारत येऊ लागले. शेठनी रेल्वे फाटकाजवळ तिला एक छपरी दिली. सकाळी ती तेल कढवायची, दुपारी अंघोळ करून, रतनबासमोरून एक फेरी मारून, रतनबाने पदर हलवला नाही तरच छपरीत शिरायची. पुढे लढाई सुरू झाली, पेट्रोल कूपनावर मिळू लागलं आणि मोटारी घरोघर झाकून ठेवल्या गेल्या. झाकलेल्या मोटारीला मीठ उलट जास्त खातं. लढाईच्या त्या वर्षांत बायने जेवढ्या मोटारी वाचवल्या तेवढ्या कोणी चालवल्याही नसतील. बोहऱ्याकडे नवा माल आला की तो आधी तिच्याकडे पाठवायचा, चिठ्ठीशिवाय. चिठ्ठी तिला वाचता येत नव्हती आणि कातडं येत होतं. सेहेचाळीस साली तो रॉकेलवाला मास्तरसुद्धा आला, डोळे अर्धवट मिटून, स्वतःच्या पॉलिशचे डबे विकायला. त्याने रघूला ओळखलं नाही. बायने झाकण उघडलं, आणि तिसरा सूं संपायच्या आत रघूने त्याला फाटकाची दिशा दाखवली.

छपरीवर पाटी नव्हती. पाटीच्या जागी मांजर होतं, पेद्रूच्याच खानदानातलं, दर वर्षी नवं पिल्लू. जुनं चालायचं नाही, त्याला सवय होऊन जायची. मालक मोटार न्यायला आला की बाय ते पिल्लू उचलून बॉनेटवर ठेवायची. पिल्लू खाली बघायचं, बॉनेटमधलं पिल्लू वर बघायचं, दोघांच्या पाठी एकदम कमान व्हायच्या आणि खरं पिल्लू उडी मारून रघूच्या खांद्यावर.

"ऑल राइट," रघू म्हणायचा, आणि किल्ली मालकाच्या हातात द्यायचा.